फुप्फुसरोहिणीतील उच्च दाब आणि वृद्धांचे हृदय : एका संकल्पनेचा इतिहास

हृदयाच्या अकार्यक्षमतेने आजारी असलेल्या वृद्धांपैकी बहुसंख्यांच्या फुप्फुसरोहिणीत रक्ताचा दाब वाजवीपेक्षा अधिक असतो, ही गोष्ट आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यास प्राथमिक स्वरूपाची वाटते. परंतु ती निर्विवादपणे प्रस्थापित व्हावयास २१व्या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. हृदयाची डावी बाजू दुबळी झाली म्हणजे तिच्यामागे रक्त तुंबते आणि त्याचा भार फुप्फुसांवर पडतो, हा विचार तर १८३२ च्या सुमारासच मांडला गेला होता. मग विचार आणि प्रतीती यांमध्ये पावणेदोनशे वर्षांचे अंतर का पडले, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : या रोगाविषयीचे ज्ञान प्रथम प्राण्यांवरून, नंतर झडपेच्या विकाराने पीडित अशा तरुणांवरून, आणि त्यानंतर एका विरळा, मुख्यतः तरुण स्त्रियांना होणाऱ्या रोगावरून घडत गेले, वृद्ध रोगी या ज्ञानाच्या कक्षेत सर्वांत शेवटी आला. तो आला तेव्हा त्याच्यासाठी व्याख्या, मापे आणि औषधे अगोदरच तयार होती. मात्र ती दुसऱ्यांच्या अंगाची होती.

१. दोन अभिसरणे

फुप्फुसांतील दाबाचा विचार करण्यापूर्वी रक्त फुप्फुसांतून वाहते हे माहीत असावे लागते. गेलेन या ग्रीक वैद्याच्या मताप्रमाणे उजव्या जवनिकेतील रक्त मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून डावीकडे झिरपत असे. हे मत सुमारे हजार वर्षे प्रमाण मानले गेले. त्याला पहिला स्पष्ट विरोध केला तो दमास्कस येथे शिकलेल्या व कैरो येथे वैद्यकी केलेल्या इब्न अल्-नफीस या पंडिताने. इब्न सीनाच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर त्याने १२४२ च्या सुमारास लिहिलेल्या भाष्यात, मधला पडदा घट्ट असून त्यात छिद्रे नाहीत, आणि रक्त उजवीकडून फुप्फुसांत जाऊन तेथून डावीकडे येते, असे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे. हे भाष्य पाश्चात्त्य विद्वानांच्या लक्षात आले ते १९२४ मध्ये, एका इजिप्शियन विद्यार्थ्याने बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखिताचा अभ्यास केला तेव्हा. दरम्यान युरोपात मिगेल सर्व्हेटस याने १५५३ मध्ये आणि रेआल्डो कोलंबो याने १५५९ मध्ये हाच मार्ग वर्णिला होता. पुढे विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये संपूर्ण अभिसरणाची उपपत्ती मांडली, आणि मार्चेल्लो माल्पीगी याने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिच्यातील उरलेला दुवा जोडून दिला.

या इतिहासातील आपल्या उपयोगाचा भाग एवढाच की, यानंतर फुप्फुसे ही दोन पंपांच्या मधली वाट ठरली. उजवी जवनिका रक्त ढकलते, ते रोहिणीतून केशवाहिन्यांत, तेथून नीलांत, नीलांतून डाव्या कर्णिकेत आणि शेवटी डाव्या जवनिकेत पोहोचते. ही वाट लांबीने थोडी आणि रुंदीने मोठी असल्यामुळे तिच्यात दाब कमी लागतो. परंतु तिचे दुसरे टोक डाव्या हृदयात उघडते. त्यामुळे त्या टोकाशी अडथळा झाला तर तो मागे मागे सरकत संपूर्ण वाटेवर पसरणार, हे ओघानेच आले.

२. फुगवट्याची उपपत्ती

ही ओघानेच येणारी गोष्ट रोग्यांच्या संदर्भात सुसंगतपणे मांडण्याचे श्रेय लंडनचा वैद्य जेम्स होप याला दिले जाते. हृदयरोगावरील आपल्या १८३२ च्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, हृदयाचा जो कप्पा आपल्यातील रक्त पुरते बाहेर टाकू शकत नाही, त्याच्या मागच्या कप्प्यात आणि शिरांत रक्त साठते व दाब वाढतो. धरण बांधले म्हणजे नदीचे पाणी भिंतीपाशीच न थांबता वरच्या अंगाला कोसन् कोस चढते. आपल्याकडे या पाण्याला फुगवटा म्हणतात. होपची उपपत्ती ही खरोखर फुगवट्याची उपपत्ती होय. डावी जवनिका ही भिंत आणि फुप्फुसे हे फुगवट्याखाली जाणारे शिवार, असे तिचे चित्र काढता येईल.

या उपपत्तीस प्रयोगाचा आधार मिळावयास ४६ वर्षे लागली. अमेरिकन वैद्य विल्यम वेल्च हा ब्रेस्लाऊ येथे कोनहाइमच्या प्रयोगशाळेत काम करीत असता, सशाची डावी जवनिका निकामी झाली आणि उजवी मात्र चालू राहिली तर फुप्फुसांत पाणी साचते, असे त्याने १८७८ मध्ये दाखविले. १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग याने केशवाहिनीच्या भिंतीतून द्रव कसा आतबाहेर जातो याचा नियम सांगितला, आणि दाब वाढल्याने पाणी का झिरपते याचा उलगडा झाला.

मात्र २०व्या शतकाच्या आरंभी या उपपत्तीस ओहोटी लागली. जेम्स मॅकेंझी या प्रभावी हृदयतज्ज्ञाने, मागे तुंबणाऱ्या रक्तापेक्षा पुढे न जाणारे रक्त महत्त्वाचे, असा पक्ष घेतला. हृदयाच्या स्नायूचे बळ हीच मुख्य बाब ठरल्यावर फुप्फुसांतील दाबाचा प्रश्न गौण झाला. या दोन पक्षांतील वाद बराच काळ चालला, आणि त्याचा निर्णय होऊ शकला नाही. कारण ज्या दाबाविषयी वाद होता, तो जिवंत माणसात कोणी मोजलेलाच नव्हता.

३. नळी आणि पाचर

रक्ताचा दाब मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने केला. त्याच्या १७३३ च्या ग्रंथात, घोडीच्या रोहिणीत बसविलेल्या काचेच्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक चढल्याची नोंद आहे. फुप्फुसरोहिणी मात्र छातीच्या आत दडलेली. तिच्यातील दाब प्रथम मोजला तो १८५२ मध्ये कार्ल लुड्विगचा शिष्य बॉयटनर याने, छाती उघडलेल्या प्राण्यांत. १८६१ मध्ये शोव्हो आणि मारे या फ्रेंच संशोधकांनी छाती न उघडता घोड्याच्या शिरेतून नळी उतरवून उजव्या हृदयातील दाबाचे आलेख काढले. घोडा उभा, जागा आणि शांत असताना हे आलेख निघाले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण असे काही माणसाच्या बाबतीत करण्याचे धाडस पुढील ६८ वर्षे कोणी केले नाही.

ते धाडस १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन शल्यवैद्याने केले. बर्लिनजवळील एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात त्याने स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर लांबीची नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण विभागापर्यंत चालत जाऊन तिचे चित्र घेतले. जर्मनीत त्याची उपेक्षा झाली. परंतु १९४१ पासून न्यूयॉर्कच्या बेलेव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूरनाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी या पद्धतीस शिस्त आणली आणि काही वर्षांतच नळी फुप्फुसरोहिणीपर्यंत पोहोचली. १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून मिळाले.

आता फुप्फुसरोहिणीतील दाब कळू लागला. पण तो वाढला असेल तर का वाढला, हे त्यावरून कळत नव्हते. फुप्फुसांतील बारीक रोहिण्या आकसल्या, तरी दाब वाढणार. पलीकडे डाव्या हृदयाशी फुगवटा आला, तरी दाब वाढणार. या दोहोंतील भेद सांगणारी युक्ती १९४९ मध्ये हाती आली. बॉस्टन येथे हेलेम्स, हेन्स आणि लुइस डेक्स्टर यांनी, तर स्टॉकहोम येथे लागरलॉफ आणि व्हेर्को यांनी असे दाखविले की, नळीचे टोक फुप्फुसरोहिणीच्या लहान शाखेत पाचर मारल्यासारखे घट्ट बसविले म्हणजे मागून येणारा प्रवाह थांबतो, आणि नळीला जो दाब जाणवतो तो पुढच्या बाजूचा, म्हणजे केशवाहिन्या व नीला यांतून मागे पोहोचलेला डाव्या कर्णिकेचा असतो. या दाबाला आपण पाचरदाब म्हणू. फुप्फुसरोहिणीचा सरासरी दाब आणि पाचरदाब यांतील फरकाला रक्तप्रवाहाने भागले की फुप्फुसवाहिन्यांचा रोध मिळतो. एका नळीने वाटेची दोन्ही टोके मोजता येऊ लागली. होपच्या उपपत्तीला ११७ वर्षांनी मोजपट्टी मिळाली.

४. तरुणांवरून शिकलेला धडा

या मोजपट्टीखाली प्रथम कोण आले, हा आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. नळी घालणे हे त्या काळी जोखमीचे काम होते. ज्याला शस्त्रक्रियेने बरे करता येण्याचा संभव आहे, त्याच्याच बाबतीत ही जोखीम समर्थनीय ठरे. १९४८ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली, बॉस्टनमध्ये ड्‌वाइट हार्केन आणि लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनी संधिज्वराने आकुंचित झालेली द्विदल झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली. त्यामुळे द्विदल झडपेच्या संकोचाचे रोगी मोठ्या संख्येने तपासले जाऊ लागले. हे रोगी बहुतांशी तरुण किंवा मध्यमवयीन होते.

त्यांच्यामुळे शास्त्राचा मोठा लाभ झाला. या रोगात फुप्फुसांतील वाहिन्यांची रचनाच पालटते, हे पार्कर आणि सोमा वाइस यांनी १९३६ मध्येच शवविच्छेदनावरून नोंदविले होते. १९५८ मध्ये हीथ आणि एडवर्ड्‌स यांनी उच्च दाबामुळे रोहिण्यांत होणाऱ्या बदलांच्या सहा पायऱ्या ठरविल्या. मात्र त्यासाठी त्यांनी मुख्यतः जन्मजात हृदयदोषांचा आधार घेतला होता. त्याच दशकात लंडनचे पॉल वुड यांनी या साऱ्या निरीक्षणांची तात्त्विक मांडणी केली. वुड यांचा जन्म १९०७ साली निलगिरीतील कुन्नूर येथे झाला होता. रोधाचे एकक आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. फुप्फुसरोहिणीतील दाब निव्वळ फुगवट्याने चढतो तेव्हा तो निष्क्रिय, आणि त्या फुगवट्याला प्रतिसाद म्हणून बारीक रोहिण्या आकसतात तेव्हा तो प्रतिक्रियात्मक, असा भेद त्यांनी केला. सारख्याच संकोचाच्या दोन रोग्यांपैकी एकाच्या रोहिण्या आकसतात आणि दुसऱ्याच्या आकसत नाहीत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. या भेदाचे पूर्ण स्पष्टीकरण अजूनही झालेले नाही.

शस्त्रक्रियेने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. १९६५ मध्ये यूजीन ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नोंदविले की, द्विदल झडप बदलल्यानंतर फुप्फुसरोहिणीतील बराच वाढलेला दाबही पुष्कळ खाली येतो. भिंत दूर केली की फुगवटा ओसरतो, आणि त्याबरोबर प्रतिक्रियेने आलेला रोधही बव्हंशी उतरतो, हा धडा यातून मिळाला. पुढील निवेदनाच्या दृष्टीने हा धडा विसरून चालणार नाही.

भारताचा येथे निकटचा संबंध येतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, आपल्या देशात द्विदल झडपेचा तीव्र संकोच विशीच्या आतच आढळतो आणि त्याबरोबर फुप्फुसरोहिणीतील दाबही फार वाढलेला असतो, असे दाखवून दिले. युरोपात जो रोग मध्यम वयात दिसे तो येथे पोरवयात दिसत होता. परिणामी आपल्याकडील वैद्यकाच्या शिक्षणात हा दाब अधिकच ठामपणे तारुण्याशी जोडला गेला. धाप लागलेल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला बहुधा ‘वयाचा दमा’ एवढेच निदान येत असे.

५. पंचवीस हा आकडा

या विषयाला जागतिक व्याख्या मिळाली ती मात्र एका निराळ्याच घटनेमुळे. १९६५ पासून स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनी या देशांत भूक कमी करणारे अमिनोरेक्स नावाचे औषध विकले जाऊ लागले. १९६७ च्या सुमारास तेथील रुग्णालयांत, हृदय निर्दोष असूनही फुप्फुसरोहिणीत कमालीचा दाब असलेले रोगी अकस्मात वाढले. १९६८ मध्ये औषध बाजारातून काढून घेण्यात आले. या साथीचा विचार करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ मध्ये जिनिव्हा येथे तज्ज्ञांची बैठक बोलाविली. विश्रांत अवस्थेत फुप्फुसरोहिणीचा सरासरी दाब २५ मिलिमीटर पाऱ्याहून अधिक असेल तर तो निश्चितपणे विकृत समजावा, ही मर्यादा या बैठकीपासून रूढ झाली. निरोगी माणसात हा दाब १५ च्या आसपास असतो हे तेव्हाही माहीत होते. २५ हा आकडा संशयास जागा राहू नये म्हणून सावधपणे वर ठेवलेला होता.

येथे एक सूक्ष्म पण दूरगामी स्थित्यंतर झाले. बैठकीचा विषय होता तथाकथित ‘प्राथमिक’ रोग, म्हणजे ज्याचे कारण हृदयात सापडत नाही असा. अमेरिकेत १९८१ ते १९८५ या काळात या रोगाच्या १८७ रोग्यांची राष्ट्रीय नोंद करण्यात आली. त्यांचे सरासरी वय ३६ होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या १.७ पट होते. हा रोग विरळा, पण करुण. साहजिकच संशोधकांची सारी प्रतिभा त्याच्याकडे वळली. ज्या स्थितीत दाबाचे कारण डाव्या हृदयात उघड दिसते, ती स्थिती ‘दुय्यम’ या शब्दात गुंडाळून बाजूला ठेवण्यात आली. १९९८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथील परिषदेने ‘प्राथमिक-दुय्यम’ ही विभागणी मोडून पाच गट पाडले आणि डाव्या हृदयाच्या रोगाला दुसऱ्या गटात स्थान दिले. रोग्यांच्या संख्येने पाहता हा दुसरा गटच सर्वांत मोठा आहे. पण दीर्घकाळ ‘दुय्यम’ म्हटल्या गेलेल्या गोष्टीची उपेक्षा केवळ नाव बदलल्याने संपत नाही.

६. वृद्ध रोगी दृष्टिपथात येतो

वृद्धाच्या हृदयाचा प्रश्न तरुणाच्या झडपेपेक्षा अवघड आहे. झडपेचा संकोच नळीने किंवा बोटाने हाताळता येण्याजोगा असतो. वृद्धाच्या बाबतीत भिंत कोठे आहे हेच प्रथम समजत नाही. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने महारोहिणी ताठर होते, डाव्या जवनिकेचा स्नायू जाड होतो. ती आकुंचन नीट पावते, परंतु शिथिल मात्र पुरेशी होत नाही. रक्त आत घेण्यासाठी तिला अधिक दाब लागतो, आणि तो दाब मागे फुप्फुसांवर येतो. आकुंचन चांगले असल्यामुळे ‘हृदय उत्तम आहे’ असा निर्वाळा मिळतो आणि रोगी मात्र जिना चढताना थांबतो.

हे चित्र १९८० च्या दशकात स्पष्ट होऊ लागले. १९८४ आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही अभ्यासांतून, हृदयाच्या अकार्यक्षमतेच्या अनेक रोग्यांत जवनिकेचे आकुंचन प्राकृत असते, असे आढळले. १९८५ मध्येच टोपोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाब असलेल्या २१ वृद्धांचे वर्णन केले. त्यांच्या जवनिका जाड, लहान आणि जोमाने आकुंचन पावणाऱ्या होत्या. पण त्यांच्यापैकी काहींची प्रकृती रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांनी बिघडली. हा इशारा पुढे फारसा कोणी ऐकला नाही.

वृद्ध रोगी मोजपट्टीखाली येण्यास दुसरे एक कारण घडले. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हेर्ट्‌झ यांनी श्राव्यातीत ध्वनीने हृदयाचे प्रतिध्वनिचित्र घेण्यास सुरुवात केली होती. पुढे डॉप्लर तत्त्वाने रक्ताचा वेग मोजता येऊ लागला. उजव्या जवनिकेतून त्रिदल झडपेवाटे थोडेसे रक्त मागे गळत असते. त्या धारेचा वेग मोजला तर, वेगाच्या वर्गाची चौपट हे साधे सूत्र वापरून दोन कप्प्यांतील दाबाचा फरक काढता येतो. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर फरक ३६ मिलिमीटर पाऱ्याचा. त्यात उजव्या कर्णिकेचा अंदाजे दाब मिळविला की फुप्फुसरोहिणीच्या आकुंचनकालीन दाबाचा अदमास मिळतो. स्टॅनफर्ड येथील योक आणि पॉप यांनी १९८४ मध्ये हे माप नळीने काढलेल्या मापाशी ताडून दाखविले. १९७० मध्ये स्वान आणि गांझ यांनी फुगा लावलेली, प्रवाहाबरोबर वाहत जाणारी नळी प्रचारात आणली होती. तिने अतिदक्षता विभागातील काम सोपे केले. पण वस्तीतल्या वृद्धांची गणती शक्य झाली ती प्रतिध्वनिचित्रामुळेच, कारण त्यात टोचावयाचे काहीच नव्हते.

या गणतीचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड परगण्यात कॅरोलिन लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आकुंचन प्राकृत असलेल्या हृदयाच्या अकार्यक्षमतेचे २४४ रोगी तपासले. त्यांचे सरासरी वय ७६ होते. त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांत फुप्फुसरोहिणीतील आकुंचनकालीन दाब ३५ पेक्षा अधिक आढळला. केवळ उच्च रक्तदाब असलेल्या ७१९ जणांत हे प्रमाण ८ टक्के होते. याच परगण्यातील हृदयाच्या अकार्यक्षमतेच्या १,०४९ रोग्यांच्या २०१२ च्या अभ्यासात, हा दाब जितका अधिक तितका मृत्यूचा धोका अधिक, असे दिसून आले. ३६ वर्षांच्या रोग्यांवरून घडलेल्या शास्त्रासमोर ७६ वर्षांचे रोगी उभे राहिले, आणि त्यांची संख्या कितीतरी पटींनी मोठी होती.

७. उसन्या औषधांची कसोटी

दरम्यान तरुणांच्या विरळ रोगावर प्रभावी औषधे निघाली होती : १९९५ मध्ये एपोप्रोस्टेनॉल, २००१ मध्ये बोसेंटन, २००५ मध्ये सिल्डेनाफिल. दाब तोच, रोहिणी तीच; मग औषध तेच का नसावे, असा विचार मनात येणे स्वाभाविक होते. पण दोन्हींमधला पाचरदाब निराळा होता. एका ठिकाणी अडथळा रोहिणीत आहे, दुसऱ्या ठिकाणी रोहिणीच्या पलीकडे. फुगवट्याच्या वरच्या अंगाला नदीचे पात्र रुंद केले तर पाणी भिंतीकडे अधिक जोराने येईल, ओसरणार नाही.

प्रयोगांनी हेच सांगितले. हृदयाच्या तीव्र अकार्यक्षमतेच्या ४७१ रोग्यांवर एपोप्रोस्टेनॉलची चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होण्याचा कल दिसल्याने ती मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली, आणि तिचा वृत्तांत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिल्डेनाफिलविषयी २०११ मध्ये इटलीतील ४४ रोग्यांच्या अभ्यासाने मोठी आशा निर्माण केली. परंतु २०१३ मध्ये २१६ रोग्यांच्या अमेरिकन चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही, आणि २०१५ मध्ये नेदरलँड्‌समधील ५२ रोग्यांच्या चाचणीतही दिसला नाही. २०१८ मध्ये स्पेनमधील २०० रोग्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. झडपेचा दोष दुरुस्त होऊनही ज्यांचा दाब उरला होता अशांना सिल्डेनाफिल दिले असता त्यांची स्थिती औषध न घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी शवविच्छेदनातील फुप्फुसांचा अभ्यास करून दाखविले की, हृदयाच्या अकार्यक्षमतेत रोहिण्यांबरोबर लहान नीलाही जाड होतात, आणि दाबाच्या तीव्रतेशी त्या नीलांमधील बदलांचे नाते विशेष निकट असते. हीथ आणि एडवर्ड्‌स यांच्या सहा पायऱ्या रोहिण्यांच्या होत्या; वृद्धाच्या रोगाने फुप्फुसांत दुसऱ्या बाजूने प्रवेश केलेला होता.

उलट, ज्या उपायांनी भिंतीकडे लक्ष दिले ते फलदायी ठरले. फुप्फुसरोहिणीत कायमचे बसविलेले लहानसे दाबमापक रोज दाब कळविते, आणि त्यावरून मूत्रल औषधांची मात्रा वेळीच कमीजास्त करता येते. ५५० रोग्यांवरील २०११ च्या चाचणीत या पद्धतीने सहा महिन्यांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. २०२१ आणि २०२२ मधील मोठ्या चाचण्यांत, मूळ मधुमेहासाठी निघालेल्या एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या औषधांनी आकुंचन प्राकृत असलेल्या रोग्यांसही लाभ झाला. ही औषधे फुप्फुसवाहिन्या रुंद करण्यासाठी योजलेली नाहीत. मूत्रावाटे साखर व मीठ बाहेर टाकणे हे त्यांचे कार्य. म्हणजे दोन्ही ठिकाणी फुप्फुसरोहिणीतील दाब हा मुख्य शत्रू ठरला नाही. तो डाव्या हृदयाचे वर्तमान कळविणारा दूत ठरला.

८. उपसंहार

आकड्याची कथाही येथे पुरी केली पाहिजे. २००९ मध्ये ग्रात्स येथील कोव्हाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांतील ४७ अभ्यासांमधून १,१८७ निरोगी व्यक्तींची मापे एकत्र केली. विश्रांत अवस्थेतील सरासरी दाब १४ निघाला. तीस वर्षांखालील व्यक्तींत तो १२.८, तर पन्नाशीच्या पुढे १४.७ होता. वयाने निरोगी माणसाचा दाब थोडा चढतो, फार नाही. तेव्हा वृद्धातील ३० किंवा ४० हा दाब ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून सोडून देता येत नाही. या मापांच्या आधारे २०१८ मध्ये नीस येथील परिषदेने मर्यादा २५ वरून २० वर आणली, आणि युरोपीय संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने तिला दुजोरा दिला. याच मार्गदर्शिकेप्रमाणे पाचरदाब १५ पेक्षा अधिक असेल तर दोष केशवाहिन्यांच्या पलीकडचा मानावयाचा; त्याबरोबर रोध दोन वुड एककांपेक्षा अधिक असेल तर दोष दोन्हीकडचा. पॉल वुड यांचा निष्क्रिय आणि प्रतिक्रियात्मक हा भेद नव्या नावांनी परत आला आहे.

या इतिहासावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मापन सुलभ होण्याचा क्रम आणि रोग समजण्याचा क्रम यांचा निकट संबंध असतो. ज्यांना नळी घालणे समर्थनीय होते त्यांच्यावरून शास्त्र घडले. ज्यांना ते नव्हते त्यांना त्या शास्त्रात कसेबसे बसविण्यात आले. दुसरा असा की, एकच आकडा दोन रोग्यांत दोन अर्थांचा असू शकतो, आणि तो अर्थ वाटेचे दुसरे टोक मोजल्याखेरीज कळत नाही. १९४९ मध्ये हे टोक मोजण्याचे साधन मिळाले होते, आणि १९६५ मध्ये भिंत हटविल्यावर काय होते हेही दिसले होते. तरीही १९९७ ते २०१८ या काळात वृद्धांना आणि दुबळ्या हृदयाच्या रोग्यांना परक्या रोगाची औषधे देऊन हाच धडा पुनः शिकावा लागला, आणि काही रोग्यांनी त्याची किंमत मोजली. वैद्यकाच्या इतिहासाचे अध्ययन हे केवळ पूर्वसूरींच्या गौरवासाठी करावयाचे नसते, असे आम्ही म्हणतो ते याच कारणासाठी. जेम्स होपच्या ग्रंथातील फुगवटा विद्यार्थ्यांच्या ध्यानी राहिला, तर धाप लागलेल्या सत्तरीच्या रोग्यापुढे उभे राहताना ते त्याच्या फुप्फुसांबरोबर त्याच्या डाव्या हृदयाचीही चौकशी करतील.